प्रत्येक ओळ स्वतः लिहिलेली असली, तरी पेटंटचा दावा येऊ शकतो का?

चित्रसंग्राहक यांचा प्रश्न

आम्ही तिघे फावल्या वेळात छायाचित्रांची वर्गवारी करून ती इंटरनेटवर चढवणारे एक छोटे मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेले) साधन सांभाळतो. त्याचा कोड संपूर्णपणे आमचा आहे आणि परवाना एमआयटी, म्हणजे कोड कोणालाही जवळपास विनाअट वापरू देणारा, आहे. गेल्या आठवड्यात एका वापरकर्त्याने त्रुटींच्या यादीत एका अमेरिकी पेटंटचा क्रमांक टाकून "तुमची ही सोय यात बसते" एवढेच लिहिले. आम्ही ते पेटंट अद्याप उघडलेले नाही. कोणाचाही कोड उचललेला नसताना आम्ही अडचणीत येऊ शकतो का, आणि अशी पेटंटे शोधून वाचावीत का?

जुना_संकलक

येथे कॉपीराइट आणि पेटंट यांची गल्लत होत आहे. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला मिळतो, त्यामुळे स्वतः लिहिणाऱ्याला त्याची भीती नसते. पेटंट पद्धतीला मिळते, आणि तीच पद्धत तुम्हाला स्वतंत्रपणे सुचली होती, हा उल्लंघनाच्या आरोपावरचा बचाव ठरत नाही. जीआयएफ या चित्रप्रकारातील एलझेडडब्ल्यू या माहिती आकुंचित करण्याच्या पद्धतीसाठी तिचे पेटंट असलेली युनिसिस कंपनी शुल्क मागणार, हे डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर झाले आणि त्या रागातून पुढच्याच वर्षी पीएनजी हा पर्यायी चित्रप्रकार आकाराला आला, हे बहुतेकांना ठाऊक आहे.

माझ्या मते मोठी हानी मात्र न्यायालयाबाहेर होते. लिनक्सवर अक्षरे उमटवणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या संचात) ट्रूटाइप प्रकारच्या फॉन्टमधील, लहान अक्षरे नीट बसवण्याच्या सूचना वाचणारा भाग लिहून तयार होता. पण त्यावर अॅपलची पेटंटे असल्याने तो बंद ठेवलेला असे, आणि ज्याला हवा असेल त्याने कोडमधली एक ओळ बदलून त्यापासून प्रोग्राम स्वतः तयार करायचा, अशी स्थिती होती. बाकीच्यांना लहान आकारातील अक्षरे पुसट दिसत आणि बोल लिनक्सला लागे. मे २०१० मध्ये पेटंटांची मुदत संपली आणि २.४ आवृत्तीपासून तो भाग आपोआप चालू झाला.

कलमवाचक

पेटंटे शोधत बसू नका, हा सल्ला विचित्र वाटेल. अमेरिकी कायद्यानुसार उल्लंघन जाणूनबुजून केल्याचे ठरल्यास न्यायालय भरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकते, म्हणून प्रोग्रामरांना इतरांची पेटंटे वाचूच नका असे बजावले जाते. (शोध जगापुढे उघड करण्याच्या बदल्यात पेटंट मिळते, आणि ज्यांच्या कामाचा तो शोध, त्यांनीच तो वाचायचा नाही!) तुमच्यापर्यंत क्रमांक मात्र पोहोचलेला आहे. ती नोंद पुसू नका, तिच्याखाली जाहीर चर्चाही करू नका. थेट वकिलाला दाखवा.

एमआयटी परवान्यात पेटंट हा शब्दही नाही. अपाचे २.० या दुसऱ्या मुक्तस्रोत परवान्यात प्रत्येक योगदानकर्ता आपल्या योगदानाला लागू होणाऱ्या पेटंटांचा वापरहक्क देतो, आणि जो त्या सॉफ्टवेअरवर पेटंटचा खटला भरेल त्याला मिळालेला असा हक्क संपतो. पण ज्याने तुमच्या प्रकल्पात हातच लावलेला नाही आणि जो तुमचे साधन वापरतही नाही, त्याला हे कलम बांधत नाही.

मध्यममार्गी

एवढे घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. अमूर्त कल्पना केवळ संगणकावर राबवली म्हणून पेटंटला पात्र ठरत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अॅलिस निकालात सांगितले आहे. युरोपीय संसदेनेही २००५ मध्ये संगणकाधारित शोधांच्या पेटंटांविषयीचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला होता.

जुना_संकलक

निकाल खरा आहे. तरीही त्यानंतर पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, रॉथशाइल्ड पेटंट इमेजिंग या पेटंटधारक कंपनीने लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पामागच्या ग्नोम फाउंडेशनवर शॉटवेल या छायाचित्रे सांभाळणाऱ्या प्रोग्रामवरून खटला भरलाच, आणि शॉटवेल हे जवळपास प्रश्नकर्त्यांच्या साधनासारखेच आहे. ग्नोमने लोकांकडून बचावनिधी उभा केला आणि मे २०२० मध्ये समझोता झाला, ज्यात इतर मुक्तस्रोत सॉफ्टवेअरलाही दाव्यांपासून अभय मिळाले. पण ग्नोमपाशी संस्था, वकील आणि देणगीदार होते. पेटंट कच्चे आहे हे दाखवण्याचा खर्च ज्याच्यावर दावा आला त्यालाच सोसावा लागतो, आणि तिघांच्या प्रकल्पाला तो पेलणारा नसतो.

चित्रसंग्राहक

सर्वांचे आभार. नोंद तशीच ठेवून तिच्यावरील प्रतिसाद बंद केले आहेत आणि एका वकिलांना पत्र पाठवले आहे. नव्या योगदानांसाठी अपाचे परवाना वापरण्यावर आमचे एकमत झाले. ती सोय पुढच्या आवृत्तीत बंद ठेवावी की नाही, यावर मात्र दोघे होय म्हणत आहेत आणि मी अजून नाही म्हणतो आहे.