शनिवारवाड्याच्या विटेवर पुतण्यानं नाव कोरलं, आता काय करू?

कसब्यातली:
आमचं घर शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत. जुना वाडा, मागची भिंत सासऱ्यांच्या वेळेपासून टेकूवर. रविवारी आमचा सोळा वर्षांचा पुतण्या मित्रांबरोबर तटावर गेला. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, फिरताना किल्लीनं एका विटेत नाव कोरलं आणि वर फोटोही सगळ्यांना पाठवला. मी रागावले, तर म्हणतो, "काकू, त्या वाड्यापायी आपलं घर पाडून नवं बांधता येत नाही. त्याची एक वीट खरवडली तर काय बिघडलं?" मला उत्तर सुचेना. पावसाळ्यात भिंतीकडे बघत रात्र काढणारी मीच आहे. पण दिल्ली दरवाजातून जाताना भिंतीवरच्या पुसट गणपतीला हात जोडल्याशिवाय सासूबाई पुढे जायच्या नाहीत, तेही डोळ्यांसमोर येतं. ते नाव घासून काढू का?

जुना गवंडी:
ताई, अजिबात घासू नका. तारेचा ब्रश नको, सिमेंट तर नकोच. भट्टीत वीट वरून कडक होते, आत मऊ राहते. कातडं गेलं की पाणी मुरतं आणि वीट भुगा होऊन गळते. १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले गेले, तट तेवढा उभा राहिला. मी चुन्याच्या कामात तीस वर्षं घालवली, म्हणून पोटतिडकीनं सांगतो. तिथल्या पहारेकऱ्याला जागा दाखवा, पुढचं पुरातत्त्वची माणसं बघतील.

शनिवारातला:
जुन्या स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मुलाला हे माहीत हवं. पण त्याचा राग खोटा नाही, त्याला गप्प करू नका. १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे, दुरुस्ती नाही. घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आमच्या शेजारी सगळे 'काहीच करता येत नाही' म्हणत बसले आणि जिना कोसळला.

कसब्यातली:
आज दोघं जाऊन आलो. वीट त्यानंच दाखवली, मान खाली घालून. पहारेकऱ्यानं नाव-पत्ता लिहून घेतला. पुढे काय होईल ते होवो, मी त्याच्याबरोबर आहे. दुरुस्तीचं आम्हाला आजवर कुणी बोललंच नव्हतं. घर १९९२ च्या कितीतरी आधीचं आहे, घरपट्टीच्या जुन्या पावत्या ट्रंकेत आहेत. तेवढा पुरावा चालेल का?