गच्चीवर ५जी, सी विंगमध्ये फोन लागेना

पवार वहिनी, सी-१०३ (शनिवार, सकाळी ७:५२)
माने सर, ग्रुपवर लिहायचं नव्हतं पण आता लिहितेच. काल रात्री आईंना चक्कर आली. डॉक्टरांना फोन लावतेय तर लागेना. वर ५जी लिहून येतंय, दोन काड्या दिसतायत आणि कॉल केला की नुसती शांतता. शेवटी हे पार्किंगमध्ये उतरले आणि गेटपाशी जाऊन फोन लावला. आई आता बऱ्या आहेत. पण गच्चीवर नवीन डबे बसवल्यापासून हे सुरू झालंय. आधी असं नव्हतं.

स्नेहल, सी-२०१ (७:५५)
वहिनी, अगदी हेच. माझं ऑफिस पुण्यातलं, सगळ्या मीटिंग घरातून. मी बाल्कनीत स्टूल टाकून बसते.

निकम काका, ए-२०२ (७:५८)
आईंची काळजी घ्या वहिनी. माझं म्हणणं जुनंच आहे. टॉवरच्या भाड्याचा हिशोब ग्रुपवर टाकावा.

माने सर (सचिव), बी-२०३ (८:०४)
वहिनी, काही लागलं तर रात्री-अपरात्री बेल वाजवा, संकोच नको 🙏 निकम काका, हिशोब वार्षिक सभेत वाचून दाखवला होता. आणि सर्वांना विनंती, कंपनीचं नाव ग्रुपवर घेऊ नका. मागच्या वेळी त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे.

निकम काका, ए-२०२ (८:०५)
वाचून दाखवला. कागद कुणाला दिला नाही.

जाधव आबा, बी-१०१ (८:११)
आवो पण टावर आपल्याच बोडक्यावर आन रेंज हायवेवरल्या हॉटेलाला. ह्याला काय म्हणायचं.

शेखभाई, ए-१०४ (८:१५)
आबा, माझ्या मोबाइलच्या दुकानात गोडोलीतलं रोज कुणी ना कुणी हीच तक्रार घेऊन येतं. आधी हँडसेट बघा. २०२२ च्या १ ऑक्टोबरला दिल्लीत ५जीचं उद्घाटन झालं तेव्हा आयफोनवर ते चालतच नव्हतं. डिसेंबरात अपडेट आलं तेव्हा चाललं. वहिनी, आईंचा फोन कुठला?

पवार वहिनी, सी-१०३ (८:१७)
आईंचा साधा ४जी आहे, भाऊ. माझा ५जी. दोन्ही लागत नाहीत.

कुलकर्णी काकू, बी-३०१ (८:२२)
*अनेक वेळा फॉरवर्ड केलेले*
सावधान!! ५जीच्या लहरींमुळे शेकडो पक्षी झाडावरून मरून पडले. आपल्या मुलाबाळांसाठी हा मेसेज थांबवू नका.
मी तेव्हाच म्हणत होते टॉवर नको. चिमण्या दिसत नाहीत आता.

ओंकार, बी-५०४ (८:३१)
काकू, हा मेसेज जुना आहे. २०१८ साली नेदरलँड्समधल्या हेग शहरात पक्षी मेले होते. त्या वेळी तिथं ५जीची चाचणी चालू नव्हती, ती काही महिने आधीच होऊन गेली होती. आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या टॉवरची माहिती बघता येते, मोजणीची मागणीही करता येते. आणि एक सांगू का, रेंज जितकी कमी तितका आपला फोन जास्त ताकदीनं ओरडतो, तोही कानाशी. त्यामुळे सी विंगला नीट रेंज मिळणं हेच सगळ्यांच्या भल्याचं आहे.

कुलकर्णी काकू, बी-३०१ (८:३३)
तू शिकलेला आहेस बाळा. तरी चिमण्या नाहीत ते नाहीतच.

जाधव आबा, बी-१०१ (८:३४)
चिमण्या माझ्या ग्यालरीत हायत काकू. तांदूळ घालतो मी. या बघायला.

निकम काका, ए-२०२ (८:४०)
विषय भरकटतोय. भाडं दर महिन्याला येतं. ते कुठल्या खात्यात जमा होतं एवढंच विचारतोय.

ओंकार, बी-५०४ (८:५८)
पवार काकू, काल संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन बघितलं. नवीन ५जीचे अँटेना दोनच बाजूंना बसलेत, एक महामार्गाकडे तोंड करून आणि एक शहराकडे. तिसरी बाजू, म्हणजे अजिंक्यताऱ्याकडची, तिथं अजून जुनंच सामान आहे. सी विंग नेमकी त्या बाजूला. अँटेना बॅटरीच्या झोतासारखा समोर फेकतो, पायाशी फारसं काही पडत नाही. मी वरच्या मजल्यावर, टॉवर डोक्यावर, तरी माझ्याही खोलीत यथातथाच आहे, कारण मध्ये स्लॅब.

सी विंगमध्ये जे ५जी दिसतं ते इकडून तिकडून परावर्तन होऊन आलेलं. फोन ते पकडून बसतो. पण कॉल करायचा म्हटलं की बऱ्याचदा फोनला ५जीवरून ४जीवर यावं लागतं, आणि ५जी इतकं कमजोर असलं की तो निरोपच टॉवरला नीट पोहोचत नाही. तुम्ही म्हणालात ती शांतता तीच. तात्पुरतं एक करा: सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन ‘प्रीफर्ड नेटवर्क’ ४जीवर ठेवा.

स्नेहल, सी-२०१ (९:०३)
म्हणजे ५जीचे पैसे भरायचे आणि ४जीवर ठेवायचं.

ओंकार, बी-५०४ (९:०४)
तिसरी बाजू बसेपर्यंत तरी हो, ताई.

देशमुख साहेब, सी-३०२ (९:१०)
मला काही त्रास नाही. माझ्या घरात पाच काड्या आहेत. रडत बसण्यापेक्षा प्रत्येकाने आपापली सोय करावी.

स्नेहल, सी-२०१ (९:११)
साहेब, तुमच्या खालच्याच मजल्यावर मी आहे. तुम्हाला पाच आणि मला एक?

जाधव आबा, बी-१०१ (९:१२)
साहेबांच्या घराला टावर फितूर.

शेखभाई, ए-१०४ (९:१६)
साहेब, राग मानू नका. तुमच्या ग्यालरीच्या कठड्याला छोटा पांढरा अँटेना आहे, त्याची वायर आत गेलीय. बूस्टर, म्हणजे रेंज वाढवायचं यंत्र, आहे का तो?

देशमुख साहेब, सी-३०२ (९:२५)
ऑनलाइन मागवला आहे. स्वतःच्या पैशाने. माझ्या घरात मी काय लावायचं ते आता ग्रुप ठरवणार का? पार्किंगच्या वेळीही मलाच बोललात सगळे.

माने सर (सचिव), बी-२०३ (९:२७)
साहेब, पार्किंगचा विषय वेगळा होता. आपल्याला कुणी काही बोलत नाही.

देशमुख साहेब, सी-३०२ (९:२८)
बोलत नाही, लिहितात.

*देशमुख साहेब ग्रुपमधून बाहेर पडले*

निकम काका, ए-२०२ (९:३०)
बघा. हिशोब मागितला की असंच होतं.

माने सर (सचिव), बी-२०३ (९:३१)
हिशोबाचा इथं काय संबंध, काका?

पवार वहिनी, सी-१०३ (९:४०)
साहेबांना परत घ्या सर. त्यांची मुलगी कॅनडात आहे, तिचा फोन तिकडच्या रात्री येतो. घरात एकटे असतात. त्यांनी हौसेनं नाही लावला तो. आमच्या घरात आई आहेत, त्यांच्या घरात तो फोन आहे. आपलं दुखणं एकच आहे.

*माने सर यांनी देशमुख साहेब यांना ग्रुपमध्ये घेतले*

ओंकार, बी-५०४ (१०:०२)
देशमुख काका, मी तुमच्यावर आरोप करत नाही, फक्त काय होतं ते सांगतो. फोनचं आणि टॉवरचं बोलणं दोन्हीकडून चालतं. टॉवर मोठ्यानं बोलतो, म्हणून आपल्याला काड्या दिसतात. फोनची ताकद मात्र साधारण पाव वॉटच्या आतली. एवढ्याशा आवाजातलं बोलणं टॉवरला ऐकावं लागतं. परवाना नसलेला बूस्टर त्याच वाटेवर मोठा गोंगाट करतो आणि टॉवरला बाकीच्यांचं ऐकू येईनासं होतं. मग शेजारच्यांना काड्या दिसतात पण फोन लागत नाही. म्हणूनच तो बेकायदेशीर आहे. तक्रार गेली तर दूरसंचार विभागाची माणसं येऊन काढून नेतात.

जाधव आबा, बी-१०१ (१०:०९)
पोरगं खरं बोलतंय. माझी नोकरी फौजेच्या सिग्नल्समधीच झाली. एकानं वायरलेसचं बटण दाबून धरलं की सगळ्यांचं बोलणं बंद पडायचं, मग समोरचा कितीबी वरडू दे. ह्यात साहेबाचा दोष न्हाई, विकणाऱ्याचा हाय.

देशमुख साहेब, सी-३०२ (१०:३०)
विकताना हे कुणी सांगितलं नाही. ठीक आहे. उद्या सकाळी बंद ठेवतो. फरक पडला नाही तर मात्र परत सुरू करणार, आधीच सांगतो.

शेखभाई, ए-१०४ (१०:३४)
साहेब, तुमच्याकडे वायफाय आहे ना? वायफाय कॉलिंग चालू करा. आपल्याकडे २०१९ च्या शेवटी आलं ते. तुमच्या त्याच नंबरवरून फोन येतो-जातो, टॉवरची गरज नाही. वहिनी, आईंच्या फोनमध्येही असेल, दुपारी येऊन बघतो. लाइट गेली की राऊटर बंद पडतो, म्हणून त्याला छोटा बॅकअप घ्या. आणि रात्री अगदी अडलं तर ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तो मिळेल त्या टॉवरवरून जातो.

निकम काका, ए-२०२ (१०:५०)
बॅकअप टॉवरच्या भाड्यातून घ्यावेत. त्यासाठी भाडं किती ते कळलं पाहिजे.

माने सर (सचिव), बी-२०३ (१०:५५)
काका, सूचना चांगली आहे. भाड्याचा कागद सोमवारी नोटीस बोर्डवर लावतो. आता झालं?

निकम काका, ए-२०२ (१०:५६)
लागल्यावर बोलू.

कुलकर्णी काकू, बी-३०१ (११:०४)
एक भोळा प्रश्न. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा टॉवर आहेच की. त्याच्यावरच ५जी का लावत नाहीत? सगळ्या साताऱ्याला मिळेल.

ओंकार, बी-५०४ (११:१२)
काकू, प्रश्न भोळा नाही. टीव्हीला फक्त ऐकायचं असतं, परत बोलायचं नसतं. मोबाइलचा आवाज किल्ल्यावर पोहोचला तरी एकाच टॉवरवर अख्ख्या शहराची गर्दी होईल. म्हणून जवळजवळ आणि पुष्कळ टॉवर लागतात. त्यात ५जीचा मुख्य लहरींचा पट्टा ३५०० मेगाहर्ट्झचा. तो वेग देतो पण भिंत आणि डोंगर त्याला अडवतात. ७०० चा पट्टा लांब जातो, घरात शिरतो, वेग कमी देतो. किल्ल्याच्या अंगाला राहणाऱ्यांना हा ७०० चा पट्टा किंवा समोरून एखादा जास्तीचा अँटेना, यातलं एक मिळालंच पाहिजे. मागायचं तर नेमकं हे मागू.

स्नेहल, सी-२०१ (११:१५)
मी पोर्ट करणार होते.

शेखभाई, ए-१०४ (११:१७)
आधी शेजारच्याच्या फोनवर दुसऱ्या कंपनीची रेंज तुमच्याच स्वयंपाकघरात उभं राहून बघा ताई. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस परत हलता येत नाही. गिऱ्हाईक माझंच आहे, तरी सांगतो. २०२४ च्या नियमांपासून कंपन्यांना वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशाही द्यावा लागतो, तो बघा.

स्नेहल, सी-२०१ (११:२१)
नकाशात आपली गल्ली पूर्ण रंगवलेली आहे, भाऊ.

ओंकार, बी-५०४ (११:२६)
म्हणूनच आपण मोजू या. काड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मनानं दाखवतो. सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस, तिथं सिग्नल स्ट्रेंग्थ असा वजाचा आकडा आहे. -८५ च्या आसपास उत्तम, -११५ च्या खाली गेलं की फोन लागेल याचा भरवसा नाही. आमच्या गॅलरीत -८५ आहे. काल पवार काकूंच्या स्वयंपाकघरात बघितलं तर -११५. हा फरक तीस पॉइंटांचा, दर दहा पॉइंटांना ताकद दहावा हिस्सा होते, म्हणजे तिथं पोहोचणारी ताकद हजारावा हिस्सा.

पवार वहिनी, सी-१०३ (११:२९)
हजारावा? आणि बिल सारखंच.

माने सर (सचिव), बी-२०३ (रविवार, सकाळी ८:००)
सुप्रभात 🙏 साहेबांनी बूस्टर बंद केला आहे. सी विंगने आपापले आकडे घ्यावेत आणि फोन लावून बघावेत.

जाधव आबा, बी-१०१ (८:०३)
मी बी घेतो. बी विंगला बी रेंज हाय का ते कळंल.

स्नेहल, सी-२०१ (८:४०)
आकडा कालचाच आहे, -१०९. पण फोन पहिल्या फटक्यात लागला. परत लावला, परत लागला.

ओंकार, बी-५०४ (८:४३)
बरोबर आहे ताई. टॉवरचा आवाज आपल्याकडे येतो तेवढाच येतोय. टॉवरला आपलं ऐकू यायला लागलंय.

देशमुख साहेब, सी-३०२ (९:१५)
माझ्या घरात दोन काड्यांवर आलं. वायफाय कॉलिंग शेखभाईंनी काल लावून दिलं. मुलीचा फोन आला, आवाज स्वच्छ होता. बूस्टर काढतो. मात्र कंपनीनं तिसरी बाजू बसवली नाही तर पत्रावर पहिली सही माझी घ्या.

पवार वहिनी, सी-१०३ (९:१८)
साहेब, मनापासून आभार. नाश्त्याला या, थालीपीठ केलंय.

माने सर (सचिव), बी-२०३ (९:३०)
ठरलं तर. आधी प्रत्येकाने कस्टमर केअरला स्वतंत्र तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्यावा. तोंडी बोलून ठेवून देऊ नका. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, आणि तिथंही नाही झालं तर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्याची तक्रार घेत नाही, तिकडे पाठवत बसू नये. गच्चीचा करार सोसायटीशी आहे, त्यामुळे तिसऱ्या बाजूचं काम कधी करणार याची तारीख मी सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी मागतो. नूतनीकरणाच्या वेळी हा मुद्दा करारात घालू.

निकम काका, ए-२०२ (९:३४)
पत्राचा मसुदा मी करतो. कागदोपत्री काम मला येतं. कराराची प्रत मात्र लागेल.

माने सर (सचिव), बी-२०३ (९:३६)
संध्याकाळी घरी या, काका. फाइल समोर ठेवतो. भाड्याची पण त्यातच आहे.

ओंकार, बी-५०४ (९:४१)
सी विंगने आकडे असे पाठवा: फ्लॅट, खोली, कंपनी, आकडा, कॉल लागला का. कंपनीचं नाव ग्रुपवर नको, मला खासगीत. मी तक्ता करून पत्राला जोडतो. सी-२०२, सी-३०१ आणि सी-४०१ राहिलेत.

स्नेहल, सी-२०१ (९:५०)
सी-४०१ गावाला गेलेत, चावी माझ्याकडे आहे. त्यांना विचारून मी घेते. बेडरूमचा पण घेऊ का?

ओंकार, बी-५०४ (९:५१)
घ्या. दार लावून एकदा आणि उघडून एकदा.