मदत हवी आहे: 'पारिपत्य' म्हणावं का? (नुकापू बेट, १८७१)

नमस्कार मंडळी. तीन दिवस एका शब्दापाशी अडले आहे.

आमच्या वाचनालयात दर महिन्याला कोणीतरी अर्धा तास बोलतं. या शनिवारी माझी पाळी आहे आणि विषय घेतलाय पॅसिफिक महासागरातलं नुकापू. आजच्या सॉलोमन बेटांतल्या सांताक्रूझजवळच्या रीफ बेटांपैकी हे एक चिमुकलं बेट. नोव्हेंबर १८७१ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या 'रोझारिओ' जहाजानं तिथे तोफा डागल्या, माणसं उतरवली आणि गाव जाळलं. अशा स्वारीला इंग्रजीत ठरलेला शब्द आहे, अर्थ 'शिक्षा द्यायला काढलेली मोहीम'. मी सहज 'नुकापूचं पारिपत्य' असं शीर्षक लिहिलं, आणि मग मनाला पटेना.

आधी काय घडलं ते सांगते. २० सप्टेंबर १८७१ ला बिशप जॉन कोलरिज पॅटेसन नुकापूला आला. बेटांवरच्या कितीतरी भाषा येणारा माणूस. ओहोटी होती, त्याची होडी प्रवाळाच्या कड्यावरून आत जाईना, म्हणून तो बेटवाल्यांच्या डोणीत बसून किनाऱ्याला गेला. तिथे त्याला ठार मारलं. बाहेर थांबलेल्या होडीवरही बाण आले. जोसेफ ॲटकिनच्या खांद्यात बाण लागला होता, तरी पाणी चढल्यावर तोच देह आणायला पुन्हा आत गेला. देह एका डोणीत तरंगत होता, चटईत नीट गुंडाळलेला, छातीवर झावळीची पात आणि त्या पातीला पाच गाठी. ॲटकिन आणि त्याच्यासोबत जखमी झालेला स्टीफन तारोआनियारो, दोघंही आठेक दिवसांत धनुर्वातानं गेले.

पाच गाठींचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ असा की मजूर गोळा करणाऱ्या जहाजानं आधी नुकापूची पाच माणसं पळवली होती, त्यांचा हा हिशेब. अलीकडे काही अभ्यासक दुसरी कारणं मांडतात. पण त्या भागातून माणसं पळवली जात होती, याबद्दल कोणाचं दुमत नाही. त्याच वर्षी 'कार्ल' जहाजाच्या तळघरात कोंडलेल्या बेटवाल्यांवर गोळ्या झाडल्या आणि जखमींनाही मेलेल्यांबरोबर समुद्रात लोटलं.

हे सगळं सुरू झालं कापसापायी. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस थांबला, मुंबईत सट्ट्याला ऊत आला, तो हाच काळ. तेव्हाच, १८६३ मध्ये, रॉबर्ट टाउन्सनं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या आपल्या कापसाच्या मळ्यासाठी बेटांवरून ६७ माणसं आणवली. मुंबईचा तो सट्टा आमच्या मंडळींना ठाऊक आहे, तिथूनच सुरुवात करीन म्हणते.

काल परसातल्या माडाची पात घेऊन मी स्वतः पाच गाठी मारून पाहिल्या. वाळकी पात दुसऱ्या गाठीलाच मोडते. हिरवीच लागते आणि ओढताना हात सावकाश चालवावा लागतो. म्हणजे त्या दिवशी कोणीतरी बसून, मन लावून हे केलं असणार. हे हातांना कळल्यापासून 'पारिपत्य' लिहवत नाही. 'दंडमोहीम' कोरडं वाटतं, 'सूड' म्हणावं तर 'रोझारिओ'च्या कप्तान मार्कहॅमचं म्हणणं होतं की तो चौकशीला गेला होता आणि आधी बाण आले म्हणून तोफा चालवल्या. काय लिहू?

प्रतिसाद:

ताई, 'पारिपत्य' नकोच. आपल्या जुन्या कागदांत पारिपत्य होतं ते पुंडांचं, बंडखोरांचं. म्हणजे करणारा धनी आणि ज्याचं होतं तो गुन्हेगार, हे शब्दातच ठरून जातं. 'शासन करणे' घेतलंत तरी तेच, मराठीत शिक्षेला आणि राज्यकारभाराला शब्द एकच आहे. १८७१ मध्ये नुकापूवर ब्रिटनचं राज्य कुठे होतं? सॉलोमन बेटांवर संरक्षित राज्य जाहीर झालं ते १८९३ मध्ये. खुद्द पॅटेसनच्या मिशनमधल्या लोकांनी दोष माणसं पळवणाऱ्यांच्या माथी मारला होता, आणि १८७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं अशा पळवापळवीविरुद्ध कायदा केला. सरळ जे केलं ते लिहा. 'तोफा डागल्या', 'गाव जाळलं'. त्याला नाव काय द्यायचं ते ऐकणारे ठरवतील.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. 'शासन'चं लक्षातच आलं नव्हतं, इतका रोजचा शब्द! शीर्षक बदललं: 'नुकापूचं गाव जाळलं'. 'पारिपत्य' फक्त मार्कहॅमची बाजू सांगताना, त्याच्या तोंडचा शब्द म्हणून एकदा येईल.

आता एवढंच विचारते. गाठी मारलेली पात सोबत नेऊन सगळ्यांच्या हातात द्यायची आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर शनिवारपर्यंत हिरवी राहील का? कोणी करून पाहिलंय?