चिकाटी आणि थकलेली बिले

चिकाटी उद्योजकाच्या स्वभावातच असावी लागते, ती नंतर येत नाही, आणि उलाढाल वाढली की समाधान आपोआप येते, अशी दोन मते ऐकायला मिळतात. पहिले मला अर्धेच पटते. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे मशीनिंगचे, म्हणजे धातूचे सुटे भाग कातून घडवण्याचे, छोटे वर्कशॉप आहे. 2019 च्या वाहन उद्योगातील मंदीत कामे निम्म्यावर आली आणि नेमकी तेव्हाच एका मोठ्या ग्राहकाने पाच महिन्यांची बिले थकवली. स्वभाव तोच होता, झोप मात्र उडाली होती. आधार मिळाला तो कायद्याचा. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, दाद मागता येते. मला तिथवर जावे लागले नाही. कलमाचा उल्लेख असलेले एक साधे पत्र पाठवले आणि पैसे हप्त्याहप्त्याने आले. (हे पत्र दोन महिने आधी न पाठवण्याचे कारण निव्वळ भीड.)

उलाढाल वाढली की समाधान आपोआप येते, हे दुसरे मत मात्र मुळीच पटत नाही. त्या ग्राहकाने पुढे काम देणे बंद केले आणि माझी उलाढाल घटली. पण एकाच माणसाच्या फोनवर दिवस ठरणे थांबले, आणि ज्या लेथवर उभे राहण्यासाठी नोकरी सोडली होती, तिच्यावर स्वतः सुटे भाग काढायला पुन्हा वेळ मिळू लागला.