मुरुमांच्या खड्ड्यांसाठी रेडिओफ्रिक्वेन्सी मायक्रोनीडलिंग: लग्नाआधी करावे का?

कपाशीची लेक (दारव्हा तालुका, यवतमाळ)
माझे वय २६ असून दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे राहिले आहेत. हनुवटीवर अजूनही अधूनमधून पिकलेले मुरूम येतात. तुळशीच्या लग्नानंतर माझ्या लग्नाची तारीख धरली आहे. नागपूरच्या एका दवाखान्यात सुया टोचून करायच्या या उपचाराच्या चार बैठका सुचवल्या आणि सर्व पैसे आगाऊ भरल्यास सवलत देऊ असे सांगितले. मात्र माझा चेहरा डॉक्टरांनी नव्हे, समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीने पाहिला. गावातल्या मेडिकलमधून आणलेले गोरेपणाचे मलम मी दोन वर्षे लावत आहे, हे तिने विचारलेही नाही. माझा रंग सावळा आहे, त्यामुळे सुयांनी काळे डाग पडतील का? शिवाय आता वैशाख चालू आहे आणि मृग लागला की पेरणीला शेतात जावेच लागते.

निवृत्त परिचारिका, वर्धा
ताई, आधी मलमाविषयी लिहिते, कारण खरी अडचण तेथे आहे. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. ते दीर्घकाळ लावल्याने त्वचा पातळ होते आणि एकदम सोडल्यास चेहरा लाल होऊन मुरूम उसळतात. म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूबसह दाखवा, स्वतःहून बंद करू नका. पिकलेले मुरूम असलेल्या जागी सुया टोचू नयेत. आधी मुरूम आटोक्यात यायला हवेत.

डागांबद्दल आपली भीती रास्त आहे, पण अर्धीच. या उपचारात बारीक सुया साधारण अर्धा ते साडेतीन मिलिमीटर आत जातात आणि विद्युतलहरींची उष्णता कातडीच्या आतल्या थरात सोडतात, जेणेकरून तेथे नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारे प्रथिन, तयार व्हावे. सुयांवर विद्युतरोधक आवरण असेल तर उष्णता टोकापाशीच राहते आणि वरचा थर बराचसा वाचतो. म्हणूनच सावळ्या त्वचेवर हा उपचार कार्बन डायऑक्साइड लेसरपेक्षा कमी जोखमीचा मानतात. जोखीम कमी असते, शून्य नसते, आणि उन्हात राबल्यास ती वाढते. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन मी सांगायला नको.

शिक्षक, पुसद
माझ्या अनुभवानुसार खड्ड्यांचा प्रकार कळल्याशिवाय यंत्राची निवड करण्यात अर्थ नाही. पसरट, लाटेसारख्या खड्ड्यांना यातून बराच उतार पडतो. सुईने भोसकल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना मात्र फारसा नाही. त्यांवर डॉक्टर खड्ड्यात तीव्र आम्ल टेकवण्याची पद्धत वापरतात. माझ्या चेहऱ्यावर दोन्ही प्रकार होते, त्यामुळे निकाल निम्माच मिळाला, आणि हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

निवृत्त परिचारिका, वर्धा
गुरुजींचे म्हणणे योग्य आहे. त्यात काळाचा हिशेबही धरा: दोन बैठकांमध्ये चार ते सहा आठवड्यांचे अंतर असते आणि कोलॅजनचा परिणाम शेवटच्या बैठकीनंतरही काही महिने वाढत राहतो. मुरूम शमवण्याचा वेळ धरला, तर तुळशीच्या लग्नापर्यंत सर्व आटोपणे मला कठीण दिसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारानंतर भाजणे, व्रण राहणे, चरबी झिजणे व मज्जातंतूंना इजा होणे अशा तक्रारींवरून इशारा दिला होता आणि हा उपचार घरी करू नये असेही बजावले होते. गरोदरपण, पेसमेकर किंवा जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

कपाशीची लेक
आभारी आहे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागात ट्यूब घेऊन जाते. उपचार लग्नानंतर केला तर शेतात कधी जावे?

निवृत्त परिचारिका, वर्धा
लाली सहसा दोन ते पाच दिवसांत उतरते. निदान आठवडाभर निंदण, वेचणी आणि विशेषतः फवारणी टाळा, कारण टोचलेल्या त्वचेवर कीटकनाशकाचे थेंब उडू देणे घातक आहे. त्यानंतरही सनस्क्रीन लावून, चेहरा ओढणीने झाकूनच जा. आणि पैसे प्रत्येक बैठकीला वेगळे द्या, पावती घेऊन.