एल्कच्या शिकारीत ओझं वाहायला कोणती बॅग घ्यावी?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. ऑक्टोबरमध्ये भाच्याकडे कोलोरॅडोला जातोय. त्याने एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीचं लायसन्स काढलंय, पाच दिवस डोंगरातच मुक्काम. बंदूक त्याची, मी फक्त मांस खाली आणायला. ओझ्याचं भ्या नाही, वीस-पंचवीस किलोचे घड बागेतून ट्रॅक्टरपर्यंत वाहण्यात उभी हयात गेली. पण ते पाच मिनिटांचं काम. मागच्या हिवाळ्यात साठ लिटरच्या ट्रेकिंग बॅगेत अठरा किलो भरून पालचा घाट चढलो, तर तासाभरात खांदे लालबुंद आणि बोटांना मुंग्या. भाचा म्हणतो ९० लिटरची घे. नुसती मोठी घेऊन भागेल का?

अमळनेरकर_डेन्व्हर
दादा, लिटर नंतर. आधी फ्रेम बघा, म्हणजे बॅगेच्या पाठीचा कडक सांगाडा. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांससुद्धा ८०-९० किलोच्या घरात जातं, म्हणजे दोघांना प्रत्येकी दोन खेपा तरी धरा. शिकारीच्या बॅगेत फ्रेम आणि पिशवी एकमेकींपासून सुटतात. मधल्या जागेत मांस बसवायचं आणि पट्टे करकचून आवळायचे. ओझं पाठीला चिकटून राहतं, आतले कपडे रक्ताने भरत नाहीत.
पहिल्या वर्षी मी मागचा पाय अगदी खाली, बुडाशी बांधला. तो पाय हाडासकट २५-३० किलोचा. सारखा मागे ओढायचा, मी कमरेत वाकून चालत होतो. अर्ध्या वाटेत सोडून खांद्याच्या फऱ्यांच्या उंचीला बांधला, तेव्हा कुठे ताठ चालता आलं. मांस सुती पिशव्यांतच भरा. प्लास्टिकमध्ये ऊब कोंडते आणि ते खराब होतं. पाणी बाटलीत ठेवा, नळी लावलेल्या पाण्याच्या पिशवीत नको, पहाटे नळीतलं गोठतं.

सातपुडा_पायी (धुळे)
भाऊ, मुंग्या आल्या म्हणजे सगळा भार खांद्यावर होता. मान खाली घातल्यावर मागे जे हाड टोचतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप लावा. ते तुमच्या पाठीचं माप. फ्रेम त्याच मापाची हवी. कमरेचा पट्टा पोटावर नको, हाडावर बसवा, अन् आधी तोच आवळा. खांद्याचे पट्टे त्यानंतर. चढताना बोटं पट्ट्याखाली सहज गेली पाहिजेत.

केळीवाला_रावेर
बायकोने शिवणकामाच्या टेपने मोजलं, ४६ सेंटीमीटर भरलं. जुन्या बॅगेची पाठ ५३! पट्टा कमरेच्या हाडाखाली घसरत होता, आणि मी वर्षभर आपल्याच खांद्यांना दोष देत बसलो. भाच्याला माप कळवलंय, सुटणाऱ्या फ्रेमचीच बघ म्हटलं. तो पुढच्या महिन्यात इकडे येतोय, बॅग सोबत आणेल. आली की पंचवीस किलो ज्वारी बांधून पुन्हा पालचा घाट. उतरताना गुडघ्यांचं काय होतं ते इथे लिहीन.