फायर ऑडिट झाले. रात्रपाळीच्या आपत्कालीन आराखड्याचे काय?

प्रश्न (रुग्णालय प्रशासन, मिरज)

नमस्कार. मिरजेतील 30 खाटांच्या एका खासगी रुग्णालयाचे प्रशासकीय काम मी पाहतो. तळमजल्यावर बाह्यरुग्ण विभाग व औषधांचे दुकान, पहिल्या मजल्यावर जनरल वॉर्ड आणि दुसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रियागृह व सहा खाटांचा अतिदक्षता विभाग अशी रचना आहे. परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैमध्ये नियमित सादर होतो, होज रील (आग विझवण्याच्या पाण्याची गुंडाळलेली नळी) चालू आहे, फायर एक्स्टिंग्विशरची मुदत संपलेली नाही. मात्र या वेळच्या फायर ऑडिटला जोडलेला आपत्कालीन आराखडा नीट वाचला, तेव्हा त्यात आमच्या इमारतीत नसलेल्या दुसऱ्या लिफ्टचा उल्लेख आढळला, म्हणजे तो कोणत्या तरी अन्य इमारतीचा उतरवून घेतलेला असावा. ‘सर्व रुग्णांना जिन्याने पार्किंगमध्ये आणावे’ एवढीच त्यातील मुख्य सूचना आहे. रात्री आमच्याकडे एक आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), तीन सिस्टर, एक मावशी, एक मामा आणि वॉचमन असतात. एवढ्या माणसांनी व्हेंटिलेटरवरील रुग्ण जिन्याने कसे उतरवायचे? आराखडा प्रत्यक्षात उपयोगी पडावा यासाठी तो कसा तयार करावा?

उत्तर 1 (निवृत्त अग्निशमन अधिकारी, सांगली)

आपली शंका योग्य आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार दिला जाणारा फॉर्म बी बसवलेली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे सांगतो. आग लागल्यावर तेथील माणसे काय करतील, याबद्दल तो काहीही सांगत नाही. आग प्रतिबंधाची जबाबदारी कायद्याने मालक व भोगवटादारावर टाकली आहे, एजन्सीवर नाही. त्यामुळे आराखडा रुग्णालयानेच लिहायला हवा, आणि तो दुपारच्या भरल्या रुग्णालयासाठी न लिहिता पहाटे तीन वाजता हजर असणाऱ्या सात माणसांसाठी लिहावा.

रुग्णालयात सर्वांना एकदम खाली आणणे हा शेवटचा उपाय असतो. आधी रुग्णाला त्याच मजल्यावर, धुरापासून वेगळ्या केलेल्या दुसऱ्या भागात खाटेसह सरकवायचे आणि तेथून गरज पडली तरच खाली न्यायचे, हा क्रम धरावा. त्यासाठी दुसऱ्या मजल्याचे आगरोधक दरवाजाने दोन भाग होतात का, तो दरवाजा आपोआप मिटतो का आणि खाट त्यातून जाते का, हे प्रत्यक्ष खाट नेऊन पाहावे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या चौथ्या भागात रुग्णालयाच्या पॅसेजसाठी 2.4 मीटर रुंदी अपेक्षित आहे; नकाशावर ती बहुधा असते, परंतु एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रेचर ठेवले की खाट वळत नाही. ऑडिट करणाऱ्याने फॉल्स सीलिंगच्या वर डोकावले होते का, हेही विचारा. भिंत सीलिंगपाशीच थांबलेली असेल, किंवा केबल आणि पाइपसाठी पाडलेली भोके उघडी असतील, तर खालचा दरवाजा कितीही उत्तम असला तरी धूर वरून पलीकडे जातो.

भंडारा जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्यांपैकी सात धुराने गुदमरल्याचे आरोग्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. ज्वाळांपेक्षा धुराचा विचार आधी करावा असे मी म्हणतो ते त्यामुळेच.

उत्तर 2 (विद्युत ठेकेदार, कुपवाड)

वरील मताशी सहमत आहे. फक्त आग लागूच नये याकडेही तितकेच लक्ष हवे. अतिदक्षता विभागातील एसी अहोरात्र चालतो आणि नंतर वाढवलेली उपकरणे बहुतेक वेळा जुन्याच वायरिंगवर चढवलेली असतात. एमसीबी (जादा विद्युतप्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवला आणि वायर तीच ठेवली, असे आढळले तर ते त्याच दिवशी दुरुस्त करावे, कारण अशा वेळी एमसीबी पडण्याआधी वायर तापते. पूर्ण लोड चालू असताना उष्णता दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने पॅनेल तपासले की सैल जोडण्या लगेच दिसतात. बंद पॅनेलचे फोटो काढून केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

फायर पंपाचा पुरवठा मुख्य स्विचच्या आधी स्वतंत्र घेतलेला आहे ना, हे पाहावे. अन्यथा आगीच्या वेळी कोणी मेन बंद केला की पंपही थांबेल. पंप तळघरात असल्यास आणखी एक प्रश्न येतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला इर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली होती. पूररेषेजवळच्या इमारतींत पंप आणि पॅनेल उंचावर घेणे खर्चाचे असले तरी टाळण्यासारखे नाही.

उत्तर 3 (अतिदक्षता विभाग, परिचारिका)

सर, आराखड्यात ऑक्सिजनचा वॉल्व्ह कोणी बंद करायचा हे पदानुसार लिहा. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. गळतीमुळे तो वाढला की चादर, गादी, केससुद्धा भराभर पेटतात, म्हणून आग लागलेल्या कक्षाचा पुरवठा तोडावाच लागतो. परंतु वॉल्व्ह फिरवण्याआधी ऑक्सिजनवर असलेल्या प्रत्येक रुग्णासाठी छोटा सिलिंडर आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णासाठी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातात हवी. अंबू बॅग दाबायला एक माणूस पूर्ण अडकतो, हा हिशेब कागदावर कोणी मांडत नाही. व्हेंटिलेटरवर दोन रुग्ण असतील तर आपल्या सात जणांपैकी दोघे तिथेच गेले.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. दुसऱ्या मजल्यावर आगरोधक दरवाजा नाही. शस्त्रक्रियागृहाच्या बाजूला तो बसवता येईल असे दिसते. मागील जिन्याच्या दरवाजाला मात्र चोरीच्या भीतीने रात्री कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे असते.

उत्तर 1 (निवृत्त अग्निशमन अधिकारी)

ते कुलूप आजच काढा. आतून ढकलताच उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा पुश बार बसवला की चोरीचा प्रश्नही सुटतो. त्यानंतर रंगीत तालीम रात्रपाळीतच घ्या: कर्मचाऱ्यांपैकी एकाला रुग्ण म्हणून झोपवा, खाट दुसऱ्या भागात न्या, गादीसह जिन्याने उतरवा आणि लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा. नातेवाइकांपैकी कोणाची मदत घ्यायची आणि कोणाला आधी खाली पाठवायचे, हेही त्याच वेळी ठरेल. 101 वर फोन कोण करणार आणि गाडी आत येईल इतकी जागा फाटकापाशी मोकळी कोण करणार, ही दोन कामे वॉचमनकडे द्या. त्याला वर बोलावू नका.